सूट नको, खेळ लिहून द्या

सांधे सुजणाऱ्या, दुखणाऱ्या मुलासाठी शाळेत जी चिठ्ठी जाते ती बहुधा एकाच वळणाची असते: सदर विद्यार्थ्यास खेळ व कवायतीतून सूट देण्यात यावी. डॉक्टर ती काळजीपोटी लिहितात, पालक ती हायसे वाटून घेतात, शिक्षक ती फायलीला लावतात, आणि मूल पुढची कित्येक वर्षे पी.टी.च्या तासाला वर्गात बसून दप्तरांची राखण करते. यात हेतू कुणाचाच वाईट नसतो. पण काय करू नये एवढेच त्या चिठ्ठीत असते, काय करावे याबद्दल एक अक्षर नसते. माझे म्हणणे असे की ही चिठ्ठीच बदलली पाहिजे. तिच्यात सूट न लिहिता खेळ लिहिलेला असावा. आणि तो खेळ त्या एकट्या मुलाला कोपऱ्यात बसवून देण्यापुरता नसावा, सगळ्या वर्गाने खेळावा. हे सगळ्यांत कमी खर्चात कुठे करून दाखवता येईल, तर तंजावर जिल्ह्यातल्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत, असे मला वाटते. का, ते पुढे येईलच. आधी दुखण्याकडे बघू.

सांधेदुखी म्हणजे म्हातारपणाचे दुखणे ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, म्हणून मुलाचे दुखणे आधी कुणाला खरेच वाटत नाही. वयाच्या १६ वर्षांच्या आत सुरू झालेला, किमान ६ आठवडे टिकलेला आणि दुसरे कारण न सापडणारा जो संधिवात, ज्याला डॉक्टर ‘जेआयए’ म्हणतात, त्याची एक खोड अशी की सकाळी सांधे आखडलेले असतात आणि दिवस वर येतो तसे मोकळे होत जातात. सकाळी प्रार्थनेच्या वेळी ज्याला मांडी घालता येत नाही, तोच मुलगा दुपारच्या जेवणानंतर धावताना दिसतो. मग तो सोंग करतो असा शिक्का बसतो. हिमोफिलियाची गोष्ट निराळी. रक्त गोठवणारा एक घटक कमी पडल्याने गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत आतल्या आत रक्त उतरते. सूज दिसायच्या आधीच पुष्कळ मुलांना आत काहीतरी ऊनऊन, चुणचुणल्यासारखे वाटते. तिथेच थांबले आणि उपचार झाले तर बरे, नाहीतर तोच सांधा पुन्हापुन्हा भरतो आणि झिजत जातो. तिसरा ऱ्हुमॅटिक फिव्हर. घशाच्या संसर्गानंतर येणारा, एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारा, आणि सांध्यांपेक्षा हृदयाला जास्त घातक. तिथे हृदयाची सूज उतरेपर्यंत विश्रांतीच हवी, आणि पुढे वर्षानुवर्षे दर ३-४ आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन. या तिन्हींना एकाच मजकुराची चिठ्ठी देणे हा पहिला घोळ. कोणता खेळ चालेल हे ठरवण्याआधी सांधा का दुखतो हे ठरले पाहिजे, आणि ते काम डॉक्टरांचेच आहे. गुडघा सुजलेल्या मुलाला तेल चोळून घरी ठेवणे हा खेळाचा प्रश्न नाही, तो उशिराचा प्रश्न आहे.

विश्रांतीचा आग्रह आला तो औषधे नव्हती त्या काळातून. सुजलेला सांधा हलवू नये हे त्या काळी शहाणपणच होते. आज जेआयएला मेथोट्रेक्सेट आहे, त्याच्या पुढची बायोलॉजिक औषधे आहेत. हिमोफिलियाला फॅक्टर आहे, म्हणजे कमी पडणारा तो घटक, आणि एमिसिझुमॅब हे औषध आहे. औषध लागू पडल्यावरही मूल बसूनच राहिले तर सांध्याला धरून ठेवणारे स्नायू सुकतात आणि सांधा आणखी उघडा पडतो. तरीही हालचालीने दुखणे बळावेल ही भीती जात नाही, म्हणून पुरावा काय सांगतो ते पाहावे. २००८ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात जेआयए झालेल्या मुलांच्या व्यायामावरचे १६ अभ्यास तपासले गेले. कसोटीला उतरले फक्त ३, त्यांत मिळून २१२ मुले. निष्कर्ष जपून काढलेला होता: व्यायामाने मुलांची कार्यक्षमता ठळकपणे वाढली असे म्हणता येत नाही, पण कुणाचा आजार बळावला असेही दिसले नाही. व्यायामाच्या भक्तांनी यावर फार नाचू नये. मात्र सरसकट सूट देणाऱ्याने काहीतरी विचार करावा एवढे त्यात नक्की आहे.

माझ्या मुद्द्याला जास्त जवळचा अभ्यास २००७ सालचा, टोरांटोचा. ८ ते १६ वयाची, संधिवात असलेली ८० मुले घेतली. एका गटाला १२ आठवडे घाम काढणारा व्यायाम दिला, दुसऱ्याला चीगाँग नावाच्या चिनी पद्धतीच्या संथ, श्वासाच्या लयीत केलेल्या हालचाली. संशोधकांना कठोर व्यायामाचा गट पुढे जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात रोजची कामे करण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच सुधारली. दोन्हीकडे काही ना काही चाललेच होते, त्यामुळे सगळे श्रेय व्यायामाला देता येत नाही हे कबूल. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: संथ गटातली मुले नेमून दिलेले जास्त नेमाने करत राहिली. औषध असो की व्यायाम, जे मूल करत राहते त्याचाच उपयोग. सौम्य खेळ हा कमी प्रतीचा व्यायाम, ही शारीरिक शिक्षणातली जुनी अढी या अभ्यासाने बरीच सैल होते.

हिमोफिलियाबद्दल २०१२ साली ऑस्ट्रेलियात ४ ते १८ वयाच्या १०४ मुलग्यांवर झालेला अभ्यास असाच उपयोगी आहे. तिथे खेळांची वर्गवारी टक्कर होण्याच्या शक्यतेवरून केली होती, दमण्यावरून नव्हे. स्वस्थ बसणे आणि पोहणे एका पारड्यात. त्याच्याशी तुलना करता बास्केटबॉलसारख्या खेळानंतर रक्तस्रावाची शक्यता सुमारे पावणेतीन पट, कुस्तीसारख्या खेळानंतर पावणेचार पटीच्या आसपास. आकडे भीतिदायक वाटतात, पण ही वाढ थोड्या तासांपुरती होती आणि वर्षभराच्या हिशेबात त्या खेळांच्या वाट्याला येणारे रक्तस्राव थोडे होते. आपल्यासाठी यातले सार इतकेच की ज्या राज्यात गल्लोगल्ली कबड्डी चालते, तिथे या मुलाला धोका पकडापकडीचा आणि आदळण्याचा आहे. अंग हलवण्याचा नाही. कबड्डी बंद म्हणजे खेळ बंद, असे समीकरण कुणी मांडायचे कारण नाही.

आता तंजावर. मराठी वाचकाला हे नाव व्यंकोजी आणि सरफोजी, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ सालचा मराठी शिलालेख यांच्यामुळे ठाऊक असते. पण तिरुवैयारू, पापनाशम, ओरत्तनाडू या भागातली गावे वेगळ्या कारणाने पाहण्यासारखी आहेत. नेहमीच्या सालात १२ जूनला कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडतात, पाणी कालव्याकालव्यांनी उतरते आणि कुरुवै, सांबा, ताळडी या भातांच्या हंगामांवर गावाचे वर्ष चालते. आईबाप शेतात, मूल आजी-आजोबांजवळ. जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला तिण्णै असते, म्हणजे आपला ओटा, वर छपराची सावली. आणि या तिण्णैवर खेळण्याचे खेळ तिथे अजून पुस्तकात गेलेले नाहीत. पल्लांगुळी हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा. लाकडी पाट, त्याला ७-७ खळगे अशा दोन रांगा. खळग्यांत चिंचोके किंवा कवड्या भरायच्या, एक खळगा उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचे. खळग्यात नेमके चार जमले की ती ‘पसु’, म्हणजे गाय, आणि ती ज्याच्या बाजूला त्याची. गाय कुठे बांधली जाणार हे दोन डाव आधी हेरणारी पोरगी तिण्णैवर दबदबा राखून असते. हाताच्या दृष्टीने पाहाल तर मूठभर उचलणे, चिमटीने एकेक सोडणे, मनगट थोडे फिरवणे, दर वेळी पोहोचायचे अंतर वेगळे. चिमूट दुखत असेल तर चिंचोक्यांऐवजी मोठ्या कवड्या घ्या. उजवे मनगट सुजले असेल तर डाव्याने खेळा. नियमाला बाध येत नाही.

आडू-पुली-आट्टम म्हणजे आपली वाघ-बकरी: ३ वाघ, १५ शेळ्या, त्रिकोणी आखणीवर २३ घरे. देवळांच्या फरशांवर ही आखणी कोरलेली सापडते. दायकट्टै हे पितळी लांबट फासे दोन्ही तळहातांमध्ये घोळवून टाकायचे असतात. मनगट दुखरे असेल तर पितळेऐवजी एका बाजूने घासून पांढरे केलेले चिंचोके चालतात, गावात तसेच करतात. वैकुंठ एकादशीच्या जागरणाला परमपदाचा पट मांडतात, म्हणजे आपला मोक्षपट, सापशिडीचा थोरला भाऊ. तिथे आजोबा आणि नातू दैवाच्या दृष्टीने एकाच पायरीवर. हे सगळे मराठी घरांनाही परके नाही. सागरगोटे, काचापाणी, सारीपाट, कवड्या आपल्याकडेही होत्या, फरक इतकाच की आपल्या पुष्कळ गावांत त्या आता दिवाळी अंकातल्या आठवणींच्या लेखात उरल्या आहेत. चेन्नईत विनिता सिद्धार्थ यांची ‘क्रीडा’ ही संस्था २००२ पासून असे खेळ नव्याने बनवून विकते, शिकवते. डेल्टातल्या गावात ते विकत आणायचीही गरज नाही. पाट नसेल तर खडूने खळगे आखले तरी खेळ होतो.

पल्लांगुळीने सांधे बरे होतात असा दावा मात्र कुणी करू नये, आणि इथेच पहिला आक्षेप रास्त ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी की ५ ते १७ वयाच्या मुलांनी, अपंगत्व असलेल्यांनीही, दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी. बसून चिंचोके टाकण्याने ती भरत नाही. बरोबर आहे. पण जे मूल आज शून्यावर आहे त्याला साठावर उडी मारायला सांगणे हा सल्ला कागदावरच राहतो. दुखऱ्या दिवशी तिण्णैवरचा खेळ, बऱ्या दिवशी चालणे, सायकल, पोहणे, अशी चढती-उतरती मांडणी चिठ्ठीत असावी. पोहण्याबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण डेल्टात पाणी दारातच असते. सांध्यावरचा भार कमी करणारे पाण्यासारखे दुसरे काही नाही. पण मेट्टूरचे पाणी सुटल्यावर कालव्याची ओढ पोहणाऱ्या मोठ्यांनाही ओढून नेते. सायंकाळी उन्हाने कोमटलेल्या तळ्याच्या पायऱ्यांवर, कमरेएवढ्या पाण्यात, मोठे माणूस शेजारी उभे असताना पाण्यात चालणे, एवढेच लिहावे. कालवा लिहू नये.

दुसरा आक्षेप तमिळ गावातून येईल आणि तो कुठल्याही अभ्यासात सापडणार नाही: पल्लांगुळी बायकांचा खेळ. तो पाट लेकीला आंदण म्हणून देण्याची चाल आहे. पोरगे तो खेळताना दिसले की इतर पोरे हसतात. हिमोफिलिया तर जवळजवळ सर्वस्वी मुलग्यांना होणारा आजार. म्हणजे ज्याला कबड्डी नाकारली त्याच्यासमोर आपण असा खेळ ठेवतो की जो खेळल्याबद्दल त्याची चेष्टा होईल. नुसते सौम्य खेळ सुचवून मोकळे होणारे तज्ज्ञ या ठिकाणी हमखास अडखळतात. उपाय त्या मुलाची समजूत घालण्यात नाही, खेळाची प्रतिष्ठा वाढवण्यात आहे. आडू-पुली तर पुरुषांचा, देवळाच्या मंडपातला डावपेचांचा खेळ; तिथून सुरुवात करावी. आणि आठवड्यातला पी.टी.चा एक तास सगळ्या वर्गाने, मुलगे-मुली मिळून, तिण्णैच्या खेळांना द्यावा. वर्गातल्या दांडगोबाला वाघ घेऊनही शेळ्यांनी कोंडले की चेष्टेचा रोख आपोआप बदलतो. एकट्या आजारी मुलासाठी वेगळा डबा उघडला की तो खेळ आजाराचे चिन्ह होतो.

याच्या उलट बाजूने आणखी एक हरकत घेता येईल: मग निरोगी मुलांचा धावण्याचा तास कमी होणार. होईल, आठवड्यातून एकदा. पण कितीतरी शाळांत पी.टी.चा तास गणिताचे सर आधीच घेऊन टाकतात. त्याबद्दल हरकत न घेणाऱ्यांनी एका तासाच्या वाघ-बकरीवर घेऊ नये. मोबाइलवरचे खेळही सौम्यच, मग पाट कशाला, असेही कुणी म्हणेल. मोबाइलला समोर दुसरे मूल लागत नाही, आणि इथे प्रश्न दुसऱ्या मुलाचाच आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप गरिबीचा आहे. औषधांचे, फॅक्टरचे आणि एस.टी.च्या भाड्याचे प्रश्न सुटलेले नसताना खेळाची चर्चा चैनीची नाही का? सरकारला तर हे आवडेलच: औषध महाग, चिंचोके फुकट. हा धोका मी हलका मानत नाही. म्हणून क्रम स्पष्ट असावा. आधी निदान, मग औषध, मग खेळ. जेआयएच्या मुलाचे डोळे दुखत नसले तरी ठरलेल्या अंतराने तपासून घेणे, कारण त्या आजारात डोळ्याच्या आत गुपचूप सूज येते. खेळ हा या साखळीतला शेवटचा दुवा आहे. पण मोठ्या शहरातले तज्ज्ञ गाठायला बस, पैसा आणि बुडालेली मजुरी लागते, तर शेवटच्या दुव्याला यातले काही लागत नाही. तो अडवून ठेवण्याचे कारण आर्थिक नाही, सवयीचे आहे. शिवाय तमिळनाडूने एक सोय आधीच करून ठेवली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ योजनेत आरोग्य कर्मचारी घरी येऊन रक्तदाब-मधुमेहाची औषधे देतात, आणि फिजिओथेरपिस्टही घरी येतो. त्याच्या फेरीत सांधेदुखीची मुले घ्यावीत. तो त्या घराची तिण्णै पाहील, तिची उंची पाहील, मूल त्यावर पाय सोडून बसू शकते का ते पाहील, आणि चिठ्ठी तिथेच बसून लिहील. रुग्णालयाच्या टेबलावरून हे दिसत नाही.

उंचीचा हा मुद्दा किरकोळ वाटेल, तसा तो नाही. आपल्या पारंपरिक बैठ्या खेळांचे कौतुक करताना आपण एक विसरतो की ते बहुतेक जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसून खेळायचे असतात, आणि सुजलेल्या गुडघ्याला, खुब्याला नेमके तेच झेपत नाही. तिण्णैच्या कडेला बसले तर गुडघा काटकोनात राहतो आणि पाट मध्ये येतो. पण नवी सिमेंटची घरे बांधताना तिण्णै पाडली जाते, तिच्या जागी लोखंडी फाटक येते. शाळांनी निदान एक भिंतीलगतचा कट्टा या हिशेबाने बांधावा; महाराष्ट्रातल्या शाळांनीही. मांडी घालून अर्धा तास बसवलेले मूल उठताना लंगडले तर तो खेळ सौम्य नव्हता.

कायद्याची बाजू कमकुवत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार मान्य आहेत त्यांत हिमोफिलिया आहे, आणि शिक्षणसंस्थांनी अशा विद्यार्थ्यांना खेळ व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी असे कलम १६ सांगते. जेआयएचे नाव त्या यादीत नाही. त्या मुलाला हालचालीच्या अपंगत्वाच्या टक्केवारीतून जावे लागते, आणि सकाळी आखडणारा पण दुपारी मोकळा होणारा सांधा टक्केवारीत कसा मोजणार हे कुणी सांगत नाही. म्हणून प्रमाणपत्राची वाट न पाहता शाळेने स्वतःच्या अधिकारात करण्याजोगे करावे. या मुलांच्या वर्गाचा पी.टी.चा तास सकाळी पहिला ठेवू नये, दुपारी ठेवावा. वेळापत्रकात दोन चौकोन बदलले की झाले. हिमोफिलियाच्या मुलाने ‘आत चुणचुणतंय’ म्हटले की डाव तिथेच थांबेल आणि त्याचा गुण कापला जाणार नाही, हा नियम सगळ्या खेळांना लावावा. आणि डॉक्टरांच्या छापील चिठ्ठीत तीन ओळी असाव्यात: दुखऱ्या दिवशी काय, बऱ्या दिवशी काय, कधीच काय नाही. तिसऱ्या ओळीत कबड्डी येईल, येऊ दे. पहिल्या दोन रिकाम्या राहता कामा नयेत, आणि दर सहा महिन्यांनी चिठ्ठी नव्याने लिहिली जावी, कारण औषध लागू पडलेल्या मुलाचा सांधा गेल्या वर्षीचा राहत नाही.

पोंगलच्या दिवसांत या गावांत स्पर्धा होतात: लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, उरीयडी म्हणजे डोळे बांधून मडके फोडणे, आणि स्लो सायकल, ज्यात सगळ्यांत शेवटी पोहोचणारा जिंकतो. बक्षिसाला स्टीलचे डबे, ताटे. आपल्या गणेशोत्सव मंडळांची यादीही फार वेगळी नसते. स्लो सायकलमध्ये ताकदीपेक्षा तोल आणि धीर लागतो. औषधाने आजार आटोक्यात असलेल्या, सायकल येणाऱ्या जेआयएच्या मुलाला ती डॉक्टरांच्या संमतीने खेळता येईल, हिमोफिलियाच्या मुलाने पडण्याच्या भीतीने टाळावी. त्याच्यासाठी त्याच व्यासपीठावर आडू-पुलीची स्पर्धा ठेवावी, वयोगट न पाडता, अंतिम सामना माइकवरून समालोचनासकट. पंचायतीला त्यासाठी लागेल एक खडूची आखणी, १८ सोंगट्या, दोन खुर्च्या आणि एक जादा डबा.